पांढरा चौकोन

"ते पांढरं चौकोनी काय येतंय रे मधनंमधनं?" आबांनी विचारलं आणि विनोदचं चापावरचं बोट तिथंच राहिलं. पडद्यावरचं बदक या कडेपासून त्या कडेपर्यंत दोनदा फडफडलं आणि कुणी मारत नाही म्हटल्यावर वर आभाळात निघून गेलं. विनोदनं हातातलं प्लॅस्टिकचं पिस्तूल मांडीवर ठेवलं. काही नाही आबा, गेम आहे, असं काहीतरी तो बोलला. आबा, त्याचे वडील, कॉटवर बसल्या जागी बरं म्हणाले. रविवारची सकाळ होती, लाईट जायला अजून अवकाश होता, आत त्याची बायको सुरेखा भाकरी थापत होती आणि तो आवाज एका लयीत बाहेर येत होता. घरात काहीसुद्धा बदललेलं नव्हतं. फक्त विनोद बदकं सोडून आबांकडं बघत राहिला होता, कारण आबांना दिसत नव्हतं.

आबांना दिसत नाही, हे शिरूरच्या त्या दोन खोल्यांतलं दोन वर्षांचं जुनं वाक्य होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, हनुवटी टेकायला लावून, बराच वेळ आत बघितलं होतं आणि बाहेर माणसांची रांग असल्यामुळं भराभर सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, मधलं जाणार, कडेचं राहील, औषध नाही. यातलं औषध नाही एवढंच बापलेकांनी एसटीत बरोबर घेतलं. बाकीचं पुण्यातच राहिलं. आबा आंधळे झाले हे गल्लीला सांगून झालं, पाहुण्यारावळ्यांना सांगून झालं. त्यांचा हात धरून न्यायची पद्धत पडली आणि आबाही निमूटपणे हात द्यायला लागले. कधी ते एकटेच उठून मोरीपर्यंत जायचे आणि वाटेतली बादली चुकवून परत यायचे, तेव्हा सगळे म्हणायचे, सवयीनं चालतात. सुरेखानं खुर्ची इकडची तिकडं केली तरी ते खुर्चीला कधी अडखळले नाहीत, पण तीही सवयच असणार असं धरून सगळे आपापल्या कामाला लागायचे.

एक मात्र सगळ्यांनाच खटकायचं. आबा बोलायचे ते तोंड दुसरीकडं करून. समोर माणूस बसलेलं असलं की त्यांची मान हळूच वळायची आणि ते दाराशी नाहीतर भिंतीशी बोलायला लागायचे. सुरेखाचे वडील निमोण्याहून मुद्दाम भेटायला आले होते, तर आबांनी त्यांची सगळी खुशाली दाराला विचारली. ते बिचारे तोंड पाडून परत गेले. आंधळ्या माणसाला कुठं कळतं समोरचा कुठं बसलाय, अशी समजूत सुरेखानं घालून घेतली. विनोदला ती घालता येत नव्हती. त्याला आबांचं ते फिरलेलं तोंड जिव्हारी लागायचं. डोळे चांगले होते तेव्हा आबांनी एकदा त्याच्या माळ्यावरच्या पसाऱ्याकडं बघितलं होतं, मग सरळ त्याच्या तोंडाकडं बघितलं होतं आणि विचारलं होतं, मेलेली मशिनं गोळा करून तुला काय मिळतं.  पुढं त्यांचं तोंड फिरलं ते फिरलंच. डोळ्यांमुळं फिरलं की मनातून फिरलं, हे विचारायचं त्याला कधी धाडस झालं नाही.

माळ्यावर पत्र्याच्या दोन ट्रंका होत्या. त्यात गाद्यांची जुनी खोळ अंथरून विनोदनं आपली मशिनं निजवली होती. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम, काळे, करडे, एक लाकडाच्या रंगाचा. त्यांच्या पिवळ्या कॅसेटी, दांडीचे कंट्रोल, वायरी नीट गुंडाळून वर रबर लावलेल्या. घरी टीव्हीवर चालायचे ते जुने कॉम्प्युटर, ज्यांच्या पोटात आताच्या साध्या मोबाइलइतकीसुद्धा आठवण नव्हती. शिरूरच्या भंगारवाल्यांना तो माहीत होता. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याची एक ठरलेली फेरी असायची. कंपनीतली माणसं त्याला भंगारशेट म्हणायची आणि तो हसून घ्यायचा. त्यांना कसं सांगणार की रविवारी सकाळी एखादं मशीन खाली काढलं, स्पिरिटच्या बोळ्यानं त्याचे कॅसेट धरणारे पितळी दात पुसले, वायर खुपसली आणि टीव्हीच्या मुंग्यांमधून हळूहळू एक निळा पडदा वर आला की छातीत कसं भरून येतं. वीस वर्षं कुणी हात न लावलेली वस्तू त्याच्या हाताखाली जागी व्हायची. तिला काही झालेलंच नसायचं. ती मध्येच थांबलेलं वाक्य पुढं बोलावं तशी बोलायला लागायची. विनोदला दर वेळी तेच नवल वाटायचं आणि दर वेळी ते पहिल्याइतकंच असायचं.

सुरुवात झाली होती दौंडला. आबा रेल्वेत रुळांवर काम करणारे गँगमन होते आणि घर रेल्वेच्या चाळीत होतं. स्टेशनच्या रस्त्याला हौसरावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या विनोदचा अर्धा दिवस तिथल्या बाकड्यावर जायचा. नव्वद सालानंतरची ती पहिली एक-दोन वर्षं. एका साहेबाच्या बंगल्यावरून एक वस्तू दुरुस्तीला आली. जाड वहीएवढी काळी पाटी, वर रबराची बटणं. हौसरावांनी पोटातला एक तुटलेला टाका जोडला, वायर एका टीव्हीच्या मागं खुपसली आणि म्हणाले, दाब एखादं. विनोदनं एक बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षर उमटलं. एवढंच झालं. पण त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. तोवर टीव्ही सांगायचा आणि माणसं ऐकायची. बातम्या देणारी बाई आपल्याकडं बघत नाही, हे त्याला लहानपणी फार उशिरा कळलं होतं आणि कळल्यावर वाईट वाटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तो काही म्हणाला आणि टीव्हीनं ते ऐकलं. हौसरावांनी मग टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावली. टेपमधून कानठळ्या बसवणारी किरकिर सुरू झाली. दोघंही कानावर हात ठेवून बसले आणि त्या किरकिरीतून पडद्यावर ओळीओळीनं एक किल्ला उतरत गेला. आवाजाचं चित्र होऊ शकतं, हे त्यानं डोळ्यांनी बघितलं. साहेबाची बदली झाली, ती पाटी न्यायला कुणी आलं नाही. पुढं दुकान बंद करताना हौसरावांनी ती विनोदच्या हातात दिली आणि तीच त्याच्या ट्रंकेतली पहिली वस्तू.

पिस्तूलही त्यानं त्याच दुकानात पहिल्यांदा उघडलेलं बघितलं होतं. बदकं मारायच्या गेमबरोबर येणारं, लाल नळीचं. यातून टीव्हीत काहीतरी जात असणार, किरण म्हणा, लहरी म्हणा, अशी त्याची खात्री होती. हौसरावांनी चार स्क्रू काढले आणि नळीच्या तोंडाशी भिंग आणि मागं मुगाच्या दाण्याएवढा काळा डोळा दाखवला. "ह्यातनं काय बाहेर जात न्हाई," ते म्हणाले. "ही बंदूक मारत न्हाई. बघती." बाकीचं विनोदनं नंतर पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळालेल्या एका इंग्रजी मासिकात, शब्दकोश मांडीवर घेऊन, वाचलं. चाप ओढला की टीव्हीचा सगळा पडदा क्षणभर काळा होतो. बदक, गवत, आभाळ सगळं जातं आणि जिथं बदक होतं तिथं एक पांढरा चौकोन येतो. पापणी लवायच्या आत तोही जातो आणि बदक परत येतं. तेवढ्यात बंदुकीच्या डोळ्याला पांढरं दिसलं तर नेम लागला, काळं दिसलं तर हुकला. वाचून विनोदनं तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं. म्हणजे त्या रंगीत गेमच्या आत एक दुसरा गेम होता, काळा-पांढरा, माणसासाठी नव्हे तर बंदुकीसाठी काढलेला. माणूस बदक मारत बसतो आणि त्याच्या नाकासमोरून ते दुसरं चित्र येऊन जातं. विनोदनं तेव्हापासून किती बदकं मारली असतील त्याला गणती नाही. पडदा लवल्यासारखा व्हायचा, एवढं त्यालाही जाणवायचं. पण चौकोन त्याला कधी दिसला नव्हता.

आणि आबांना दिसला होता. रांजणगावला कंपनीच्या गाडीतून जाताना सोमवारी सकाळी तो हेच घोळवत होता. बाहेर उसाचे फड मागं जात होते, शेजारचा माणूस युनियनचं काहीतरी सांगत होता. कंपनीत विनोद तपासणी खात्यात होता. दिवसभर लख्ख ट्यूबखाली सुटे भाग हातात घेऊन त्यावर ओरखडा आहे का ते बघायचं. म्हणजे नोकरीच डोळ्यांची. आणि ज्याला डोळे नाहीत त्या माणसानं, ज्यानं ते मासिक वाचलं नाही, पिस्तुलाचं पोट बघितलं नाही, त्यानं कॉटवर बसून विचारलं की ते पांढरं चौकोनी काय येतंय. चौकोनी. गोल म्हणाले असते, उजेड म्हणाले असते, तर डोळ्यांपुढं काजवे चमकले म्हणून सोडून देता आलं असतं. तो शब्द त्याला सोडवेना. आबांना म्हातारपणी भास व्हायला लागले असतील या विचारानं तो घाबरत होता आणि भास नसेल या विचारानं त्याहून जास्त. कारण येत्या रविवारी तो टीव्ही जाणार होता.

हे त्यानंच ठरवलं होतं, सुरेखाबरोबर बसून. बाजारातल्या दुकानात जुना द्या नवा घ्या चाललं होतं आणि तिनं पातळ टीव्ही पसंत केला होता. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. जुन्या टीव्हीचं ते धूड खिडकीपाशी एवढी जागा अडवून बसलं होतं की तिचं शिलाई मशीन आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं आणि काळ्या कापडावर काळा दोरा ओवताना तिचे डोळे दुखून यायचे. पातळ टीव्ही भिंतीवर गेला असता, मशीन खिडकीत आलं असतं. विनोदनं एका शब्दानं विरोध केला नव्हता. पिस्तूल आता ट्रंकेतच राहणार हे मात्र त्याला माहीत होतं. कंपनीतल्या संपतनं पातळ टीव्ही घेतला तेव्हा विनोद हौसेनं आपला गेम घेऊन त्याच्याकडं गेला होता. बदकं आली, उडाली, पण पडेना एकही. संपतची मुलं हसून हसून लोळली. जुन्या टीव्हीत काचेमागून उजेडाचा एक ठिपका ओळीमागून ओळ, शेत नांगरावं तसा, सगळा पडदा रंगवत धावतो आणि बंदूक त्याचीच वाट बघत असते. पातळ टीव्हीत ती नांगरटच नाही. चित्र येतं तेही जरा मागाहून, ओलं पुसल्यासारखं. तिथं बंदूक आंधळी झाली. त्या वेळी त्याला एक खेळणं गेलं एवढंच वाटलं होतं. आता मात्र त्याच्या मनात आलं की आबांना त्या घरात जर एकच वस्तू लख्ख दिसत असेल, तर ती आपण टेम्पोत घालून पाठवणार आहोत. आणि नसेलच दिसत, तर उगाच एका बाईचं खिडकीतलं मशीन अडवणार आहोत.

बुधवारी संध्याकाळी लाईट आल्यावर त्यानं न राहवून सुरेखाला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग तुमचं आपलं काहीतरी, म्हणाली. तरी हात पुसून बाहेर आली. विनोदनं बदकं लावली आणि आबांना म्हणाला की चौकोन आला की सांगा. त्यानं चाप ओढला. आला, आबा म्हणाले. पुन्हा ओढला. आला. आबा नेहमीसारखे दाराकडं तोंड करून बसले होते, टीव्ही त्यांच्या एका अंगाला होता. सुरेखानं ते बघितलं आणि विनोदला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, की त्यांचं तोंड तरी टीव्हीकडं आहे का, चापाचा टकटक आवाज येतोय, त्यावर बोलतात ते. हे विनोदला एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. सुरेखाच मग ट्रंकेतून दुसरं पिस्तूल घेऊन आली. त्याची वायर कशालाच जोडलेली नव्हती. ती विनोदच्या शेजारी बसली आणि तिनं चाप ओढला. तोच आवाज झाला, तसाच टक.

आबा काही बोलले नाहीत. तिनं पुन्हा ओढला.

"आवाज झाला," आबा म्हणाले. "पर आला न्हाई."

मग विनोदनं ओढला, तेव्हा आला. सुरेखानं ओढला, न्हाई. सुरेखानंच पुन्हा, न्हाई. विनोद, आला. तिनं हट्टानं कितीतरी वेळ चालवलं, कधी तिनं, कधी त्यानं, कधी दोघांनी एकदम, पण म्हातारा एकदासुद्धा चुकला नाही.  विनोदनं गेम बंद करून पुन्हा लावला, या वेळी एकाऐवजी दोन बदकांचा. आबांना तो काही म्हणाला नाही. त्यानं चाप ओढला आणि आबांच्या कपाळाला आठी पडली. "आता दोन आलं," ते म्हणाले. "एकदम न्हाई, एकामागं एक. आधी डावीकडं खाली, मग वर जरा उजवीकडं." मासिकात हेच लिहिलेलं होतं. दोन बदकं असली की आधी एकाचा चौकोन येतो, मग दुसऱ्याचा, म्हणजे कुठलं लागलं ते बंदुकीला कळतं. दोन पापण्या लवायच्या आत दोन चौकोन, आणि त्यातला पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे तो माणूस दाराकडं बघत सांगत होता. विनोदला रडू येईल असं वाटलं. दुःखाचं रडू ते नव्हतं. दौंडच्या दुकानात अक्षर उमटलं होतं तेव्हा जे आलं होतं तेच हे होतं, फक्त या वेळी ते मशीन नव्हतं, त्याचा बाप होता.

बदकं दिसतात का, असं त्यानं विचारलं. आबा म्हणाले, बदकबिदक काही कळत नाही, काहीतरी फडफडतं एवढंच, पण तो चौकोन मात्र कोऱ्या कागदासारखा दिसतो. मग ते आपणहून बोलायला लागले, बरेच दिवसांनी. "लाइनीवर वाकून गिट्टी मारताना गाडी काय सामोरं बघून कळत न्हाई. समोर बघत बसलं तर काम व्हत न्हाई. डोळ्याच्या कडंला कायतरी लवतं. ते ज्याला कळलं त्यो उडी मारून बाजूला झाला, न्हाई कळलं त्यो ऱ्हायला. आमी कडंनंच बघायचो. ती सवय हाय." ते अगदी साधं बोलले, पण सवय हा शब्द त्या घरात दोन वर्षं भलत्याच अर्थानं वापरला जात होता हे ऐकणाऱ्या दोघांच्याही ध्यानात आलं. मग दिसतंय म्हणून सांगितलं का नाही, असं विनोदनं विचारलं. आबांनी खांदे उडवले. "तुमीच म्हनला दिसत न्हाई. डाक्टर पन तसंच कायतरी म्हनला. म्हटलं नसंल दिसत." सुरेखा खाली मान घालून उठली. आत जाताना तिनं पटकन पदर डोक्यावर ओढून घेतला, जो तिनं दोन वर्षं सासऱ्यासमोर घेतलेला नव्हता. विनोदला हसू फुटलं आणि तिनं रागानं त्याच्याकडं बघितलं.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस टीव्हीचं नाव कुणी काढलं नाही. विनोदनं चार वेळा बोलायचं ठरवलं आणि चारही वेळा सुरेखा त्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे बारीक करून दोरा ओवत होती. तिला काय म्हणायचं? माझ्या बापाला दिवसातून घटकाभर एक पांढरा चौकोन दिसावा म्हणून तू तुझी खिडकी सोड? हे वाक्य त्यानं मनात कितीही वेळा फिरवलं तरी ते वेड्यासारखंच वाटायचं. कंपनीत तपासणीला आलेला एक भाग त्यानं हातात घेऊन इतका वेळ धरला की मागं ढीग साचला. तो त्या भागाकडं बघत नव्हताच. एवढी मशिनं जमवली, पुसली, जोडली, जागी केली, पण त्यांच्या आत जे खरंखुरं चालतं ते आपल्याला कधी दिसलं नाही आणि दिसणारही नाही, असं त्याला वाटत होतं. आपण फक्त बदकं मारली. आबांचा त्याला हेवा वाटत होता. आंधळ्या म्हणवल्या जाणाऱ्या माणसाचा हेवा वाटतो म्हणून त्याला स्वतःची लाजही वाटली, पण हेवा काही गेला नाही.

रविवारी टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दिला आणि विनोद टीव्हीच्या वायरी काढायला उठला, कारण ठरलं होतं ते ठरलं होतं. तो मागं हात घालून वाकला होता तेवढ्यात सुरेखा त्याच्या अंगावरून पुढं गेली आणि दारात उभी राहिली. तिनं टेम्पोवाल्याला सांगितलं की हा टीव्ही द्यायचा नाही. नवा नको का, त्यानं विचारलं. तूर्तास नको, ती म्हणाली. दुकानदार ओरडेल, तो म्हणाला. ओरडू द्या, मी उद्या येऊन बोलते त्यांच्याशी, म्हणाली आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं. विनोद हातात वायर घेऊन तसाच उभा होता. ती आत आली, टीव्हीच्या त्या धुडाकडं बघून तिनं एक मोठा श्वास सोडला. मशीनचं काय, असं विनोदनं विचारलं. "मशीनचं काय व्हायचंय? इतकी वरसं शिवलंच की," ती म्हणाली. "मारा आता बदकं." तिच्या आवाजात चीड होती, माया होती आणि खिडकीची हळहळसुद्धा होती. ती तिनं लपवली नाही.

सुरेखा आत गेली. विनोदनं वायरी परत जोडल्या, पिस्तूल हातात घेतलं आणि कॉटच्या पायथ्याशी बसला. आबा हे सगळं ऐकत होते.  विनोदनं दोन-तीन बदकं पाडली. मग आबा म्हणाले, तुला दिसतो का रं त्यो चौकोन? विनोद म्हणाला, नाही आबा, मला कधीच नाही दिसला. "कसा दिसंल? तू बदकाकडं बघतूस," आबा म्हणाले. "आन् चाप वढताना डोळं मिटतूस. ल्हानपणापासनं तुला सवय हाय, फटाका वाजायच्या आधी डोळं मिटायची." विनोदला हे माहीत नव्हतं. "बंदूक धर बदकाकडं आन् डोळं न्हे फोटूकडं. बाबासाहेबांकडं बघ. टीव्ही हाय हे इसरून जा."

टीव्हीशेजारच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला सुरेखानं सकाळीच हार घातला होता. विनोदनं बंदूक अंदाजानं पडद्याकडं धरली आणि फोटोकडं बघितलं. फोटोतला चष्मा, कोटाची कॉलर, काचेवरची हाराची सावली. त्यानं चाप ओढला. काही नाही. डोळे मिटले गेले होते, या वेळी त्याला स्वतःलाच कळलं. त्यानं पुन्हा ओढला, पुन्हा मिटले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यानं डोळे ताणून उघडे ठेवले, चष्म्याच्या काड्यांवर नजर बांधून ठेवली, चाप ओढला, आणि डोळ्याच्या पार कडेला, जिथं तो बघत नव्हता तिथं, सगळं काळं झालं आणि त्या काळ्यात एक पांढरा चौकोन उभा होता. चार कोपरे असलेला. स्वच्छ. तो थरथरत नव्हता, फडफडत नव्हता, कशासारखाही दिसत नव्हता, नुसता होता. आणि गेला.  विनोदनं पुन्हा ओढला आणि चौकोन पुन्हा आला, जरा दुसऱ्या जागी. इतकी वर्षं हा इथंच होता. दौंडच्या दुकानात होता, संध्याकाळी चाळीतली पोरं जमवून खेळलो तेव्हा होता, प्रत्येक बदकाच्या जागी, प्रत्येक वेळी, न चुकता येऊन गेला होता. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्या पाण्यातूनही त्याला तो दिसला. सांगायला म्हणून तो आबांकडं वळला.

"दिसला न्हवं," आबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्वांड बघितलं की तुझं."

आबांचं तोंड दाराकडं होतं. मान वळलेली, हनुवटी जरा वर, डोळे दाराबाहेरच्या दोरीवरच्या कपड्यांवर. गेली दोन वर्षं ते विनोदशी बोलताना जसे बसायचे अगदी तसेच. मधलं जाईल, कडेचं राहील, असं पुण्याचे डॉक्टर म्हणाले होते. निमोण्याचे पाहुणे समोर बसले होते तेव्हा आबा त्यांना बघत होते. सुरेखा ताट वाढायची तेव्हा भिंतीकडं तोंड करून ते तिला बघत होते. आणि त्या मेलेल्या मशिनांच्या पसाऱ्यात बसलेला विनोद जेव्हा जेव्हा बापाचं फिरलेलं तोंड बघून मनात खट्टू झाला होता, तेव्हा तेव्हा त्या म्हाताऱ्यानं त्याला बघण्यासाठी तोंड फिरवलं होतं. विनोदनं पिस्तूल खाली ठेवलं. पडद्यावर बदकं येत होती आणि कुणी मारत नाही म्हणून जात होती. तो उठला नाही. आबांना बघायचं तेवढं बघता यावं म्हणून तो त्यांच्याकडं तोंड करून तसाच बसून राहिला.